चाळीस दगड

३ नोव्हेंबर

लेखक महाशय,

आमच्या प्रकाशनसंस्थेत हस्तलिखित आलं की पहिल्या पानावरच्या नावावर आणि पत्त्यावर खाकी कागदाची पट्टी चिकटवतात. वाचणाऱ्याला लिहिणारा कळू नये आणि लिहिणाऱ्याला वाचणारा. ओळखीच्या माणसाचं लिखाण निघालं तर पुढं न वाचता परत करायचं, असाही नियम आहे. मी इथं चौदा वर्षं वाचक क्रमांक तीन आहे. आजवर एकही नियम मोडला नव्हता.

तुमची कादंबरी गेल्या सोमवारी माझ्या टेबलावर आली. पट्टीखाली कोण आहे ते मला अकराव्या पानावर कळलं. पट्टी मी त्यानंतर काढली. कापसाचा ओला बोळा, पाच मिनिटं धीर, मग कोपऱ्यातून हळूच. हे कुणी शिकवलं ते तुम्हाला सांगायला नको. नाव वाचायला काढली नाही. पत्ता वाचायला काढली.

एका बसच्या अंतरावर राहता. किती वर्षं, ते मला माहीत करून घ्यायचं नाही.

अकराव्या पानावर भिंत येते. त्या शहराची भिंत रोज दिवस मावळायच्या आत मोठ्यानं वाचावी लागते. एकजण पोथीतून दगडांची नावं वाचतो, दुसरा त्या त्या दगडावर हात ठेवून ‘आहे’ म्हणतो. ज्या दगडाचं नाव घेतलं जात नाही, तो सकाळपर्यंत मातीचा होतो. वाचणारी थोरली बहीण. हात ठेवणारा धाकटा भाऊ.

आमच्या स्वयंपाकघरात मेणकापडाचं टेबल होतं. बाबा छापखान्यात प्रुफं तपासायचे आणि उरलेली घरी आणायचे. मी मूळ प्रत मोठ्यानं वाचायचे, स्वल्पविराम, पूर्णविराम, अवतरण सुरू, अवतरण बंद, सगळं. समोर बसून तू प्रुफावर पेन्सिल फिरवायचास आणि प्रत्येक ओळीला ‘हं’ म्हणायचास.

‘तू’ आलं. राहू दे.

अहवालाचा आमचा कागद एकच असतो. मधोमध रेघ. डावीकडं बलस्थानं, उजवीकडं उणिवा, खाली एक ओळ: छापावे किंवा छापू नये. डावीकडं मी भिंत लिहिली आहे. प्रत्येक दगड हाताला वेगळा लागतो, एक पावासारखा, एक घामेजलेल्या कपाळासारखा, हे लिहिलं आहे. नायक स्वतःच्या दुःखाबद्दल एक शब्द बोलत नाही, हेही लिहिलं आहे. उजवीकडं: भविष्यवाणी नको. तीन लढायांपैकी दोन नकोत. घोडा बोलतो, आणि नायकापेक्षा शहाणं बोलतो. हे कोणत्या बाजूला लिहायचं ते मला ठरवता आलेलं नाही.

मग दोनशे बारावं पान. थोरली पोथीची दोन पानं एकदम उलटते. चाळीस दगडांची नावं राहतात. पलीकडच्या राजानं तिला त्यासाठी अंगठी दिलेली असते. सकाळी भिंतीला भगदाड. दरबारात ती भावाकडं बोट करते आणि म्हणते, “हा झोपला होता.” त्याच भगदाडातून त्याला बाहेर काढतात.

मी तिथं हस्तलिखित मिटलं.

तेवीस वर्षं तू कुठं आहेस हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आई गेली तेव्हा तुला कळवायला पत्ता नव्हता. तू जिवंत आहेस याची पहिली खूण मला मिळाली ती ही, की मी एका अंगठीसाठी शहर विकलं.

वाचक क्रमांक तीन

९ नोव्हेंबर

छोट्या,

उत्तर आलं नाही. अपेक्षा नव्हती, असं लिहिणार होते. ते खरं नाही. रोज पत्रांची पेटी बघते.

आज संपादक माझ्या टेबलाशी आले. त्यांना मागून सगळे आजोबा म्हणतात. वय बेचाळीस, माझ्याएवढंच.

“काय हो, त्या भिंतीचं काय झालं? ढासळली का?”

“वाचते आहे.”

“चारशे पानं आहेत. घोडा बोलतो म्हणे.”

“फार बोलतो.”

“मग त्यालाच विचारा छापायचं का. मला या महिन्यात उत्तर हवंय.”

उत्तर तयार आहे. छापू नये. कारण मी असं लिहिलं आहे: नायकाशी झालेला दगा एकतर्फी सांगितला आहे. तुझ्या पुस्तकात ते जसं आलं आहे तसं घडलं नव्हतं. म्हणून घडलं तसं लिहून ठेवते.

औषधांच्या मात्रांचं पुस्तक होतं. बाबांना ताप होता. शेवटचा गठ्ठा त्यांनी आपल्यावर सोपवला, कारण पाच वाजता तो छापखान्यात पोचायला हवा होता. मी एकोणीस, तू सतरा. मूळ प्रतीची दोन पानं खळीनं एकमेकांना चिकटली होती. ती माझ्याकडून एकदम उलटली गेली. मी वाचत गेले. तू पुढं झोपला होतास, हनुवटीखाली हात घेऊन, म्हणून तुला कळलं नाही. त्या दोन पानांत लहान मुलांच्या तापाचं औषध होतं आणि त्यातलं दशांशचिन्ह उडालं होतं. अर्ध्या चमच्याचे पाच चमचे झाले. पुस्तक दुकानात गेलं त्याच आठवड्यात एका औषधविक्रेत्याच्या ते लक्षात आलं, म्हणून कुणाला काही झालं नाही. सगळी आवृत्ती परत मागवून तिचा लगदा केला. बाबांना सव्वीस वर्षांच्या नोकरीनंतर घरी बसवलं.

त्या दिवशी ते दुपारीच घरी आले आणि चपला न काढता दारातच विचारलं, “ती दोन पानं कुणी बघितली?”

मी म्हणाले, “हा झोपला होता.” तू काही बोलला नाहीस. बाबा तुला म्हणाले, “यापुढं कागदाला हात लावू नकोस.” चौथ्या दिवशी तुझं अंथरूण घडी घातलेलं होतं.

हे असं. यात अंगठी कुठं आहे?

आता बाबांचं. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे, उजव्यानं फक्त उजेड कळतो. माझ्याकडं येणारी हस्तलिखितं मी त्यांना वाचून दाखवते. आमच्याकडं त्याला नियम नाही, कारण असं कुणी करत असेल हे कुणाच्या डोक्यात आलेलं नाही. विरामचिन्हं बोलावी लागतात. ते टेबलाच्या मेणकापडावर बोट ठेवतात आणि मी वाचेन तसं ते बोट डावीकडून उजवीकडं नेतात, ओळ संपली की खाली. समोर काहीच नसतं. बोट मात्र कधी चुकत नाही.

तुझी कादंबरी मी त्यांना दोनशेव्या पानापर्यंत वाचून दाखवली होती, पुढं काय आहे हे कळायच्या आधी. घोड्याची दोन प्रकरणं त्यांनी परत वाचायला लावली. नंतर मी सांगितलं, हस्तलिखित परत गेलं.

“अर्धं?” ते म्हणाले. “असं अर्ध्यावर कोण परत मागतं?”

“लेखकानं मागितलं.”

“मग लेखक मूर्ख आहे. भिंत बांधायची आणि पडताना दाखवायची नाही.”

हे तुझ्या डाव्या बाजूला लिहायचं की उजव्या, तूच बघ.

ताई

१७ नोव्हेंबर

छोट्या,

तुझं कार्ड शनिवारी आलं. दोन शब्द. ‘शेवटपर्यंत वाच.’

तेवीस वर्षांनी दोन शब्द, आणि तेही बरोबर. नवीन वाचक आला की त्याला मीच सांगते, शेवटचं पान होईपर्यंत पेन उघडायचं नाही. दोनशे बारावर पेन उघडणारी मी. रविवारी दार लावून बसले आणि संपवली.

तीनशे एक्याण्णवावं पान. नायक म्हातारा होऊन परत येतो. थोरली भगदाडाशी एकटी बसलेली असते आणि दगडांची नावं घेत असते, चाळीसच, पुन्हा पुन्हा. तो म्हणतो, “त्या दिवशी माझा हात चाळीस दगडांवरून पुढं गेला. तू नावं घेतली नाहीस ते मला कळलं होतं. मी ‘आहे’ म्हणालो.” ती विचारते, का. तो म्हणतो, “तुला घाई होती.”

छोट्या, मागच्या पत्रासाठी हे शुद्धिपत्र.

‘दोन पानं खळीनं चिकटली होती’ याऐवजी ‘मी दोन पानं एकदम उलटली’ असं वाचावं. ती सुटी होती. मी दोन्ही बोटांनी धरून उलटली. चारच्या खेळाला मैत्रिणी कोपऱ्यावर थांबल्या होत्या. माझं तिकीट त्यांनी काढलं होतं. कोणता सिनेमा होता ते आता आठवत नाही.

‘तू झोपला होतास’ याऐवजी काहीच वाचू नये. मी पुढच्या पानावरची ओळ वाचली तेव्हा तुझी पेन्सिल थांबली. मी वर बघितलं नाही. मग प्रुफाची पानं उलटल्याचा आवाज आला, आणि तू ‘हं’ म्हणालास. झोपलेला माणूस इतक्या वेळेवर हं म्हणत नाही. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. रोज थोडं थोडं करत ते मी मोडीत काढलं.

बाबांचं वाक्य तुला आठवत असेल. जोडीच्या वाचनात एकट्याची चूक होत नाही. एकानं पान गाळलं की समोरच्याचं जुळत नाही, आणि तो थांबवतो. दोघं गप्प बसल्याशिवाय पान सुटूच शकत नाही. या धंद्यात जन्माला आलेल्या पोरांना हे कळायला हवं होतं. तुझी भिंत वाचतानाही मला ते कळलं नाही. पहिल्या दोनशे पानांत मी फक्त थोरलीकडं बघत होते.

आता उजवी बाजू. ही मी अहवालात लिहीनच, पण आधी तुला.

एक. अंगठी काढून टाक. दगा द्यायला एवढं मोठं कारण लागत नाही. अंगठीसाठी शहर विकणारी बाई वाचकाला कळते, तो तिला शिव्या देतो आणि सुखानं झोपतो. त्या जागी काहीतरी किरकोळ घाल. कोपऱ्यावर कुणीतरी थांबलेलं असू दे.

दुसरं लिहायला जड जातं. तुझ्या नायकाशी दगा झाला असं पुस्तक म्हणतं. त्यानं तो होऊ दिला. त्याला बोलता येत होतं. दरबारात एक वाक्य पुरलं असतं. बाबांनी दोघांना सोलून काढलं असतं, आईनं दोघांना उपाशी ठेवलं असतं आणि रात्री आपणच उठून वाढलं असतं, आणि ते संपलं असतं. तू गप्प बसलास आणि थोर झालास. मग ती थोरवी पांघरून चालता झालास. मागं राहिलेलीला काय करायचं ते सांगितलं नाहीस.

मी सांगते काय केलं. आईचं दुखणं काढलं. ती शेवटी शेवटी मला तुझ्या नावानं हाक मारायची, मी ‘ओ’ द्यायचे. बाबांच्या डोळ्यांत दिवसातून चार वेळा थेंब घालते. लग्न केलं नाही, तेही कुठल्या थोर कारणानं नाही. दर वेळी घरात विषय निघाला, ‘त्यानं बुडवलं’, की मी भाजी ढवळायचे. तुला वाटलं तू मला वाचवलंस. तू मला त्या दारात उभं ठेवलंस. बाबा अजून चपला घालूनच आहेत.

तुला माहीत होतं. तेवीस वर्षं माझं खोटं तुला माहीत होतं आणि ते तू माझ्याकडंच ठेवून गेलास, परत न मागता. माझ्याशी इतकं वाईट कुणी वागलेलं नाही.

पुस्तक चांगलं आहे. हे लिहायला मला सर्वांत जास्त वेळ लागला.

ताई

२४ नोव्हेंबर

छोट्या,

रविवारी दुपारी मी हस्तलिखित बाबांसमोर ठेवलं.

“परत आलं,” मी म्हणाले.

“लेखकाला अक्कल आली?”

“आली असेल.”

त्यांनी मेणकापडावरून हात फिरवून चुरा झाडला आणि बोट ठेवलं. मी दोनशे एकपासून सुरू केलं. पूर्णविराम. स्वल्पविराम. अवतरण सुरू. घोडा काहीतरी बोलला, ते हसले. दोनशे दहा. दोनशे अकरा. पानाचा शेवट आला: थोरलीनं पोथी गुडघ्यावर घेतली. मी दोन पानं धरली आणि एकदम उलटली.

ठरवलं नव्हतं, असं लिहिलं तर पुन्हा शुद्धिपत्र काढावं लागेल. सकाळपासून ठरवलं होतं. आधी भगदाड ऐकू दे, ते कसं पडलं ते नंतर बघू, असं. दोनशे चौदाव्या पानाची पहिली ओळ मी अगदी त्याच आवाजात वाचली. चौदा वर्षं रोज वाचणाऱ्या बाईचा आवाज आहे, कुठंही हलला नाही.

बोट थांबलं.

“पान सुटलं,” बाबा म्हणाले.

मी उलटलेली पानं बोटांत तशीच धरली होती.

“मागं जा.”

मी मागं गेले आणि वाचलं. थोरली दोन पानं एकदम उलटते, स्वल्पविराम, धाकट्याचा हात क्षणभर थांबतो, पूर्णविराम. तो हात तिथंच थांबलेला होता, छोट्या, दोनशे बारावर, तू लिहिलेला. मी पहिल्यांदा वाचताना तो बघितलाच नाही. अंगठी वाचली. दरबार वाचला. अवतरण सुरू, हा झोपला होता, पूर्णविराम, अवतरण बंद.

बोट ओळीच्या शेवटाला जाऊन थांबलं. खाली आलं नाही.

“अंगठी खोटी आहे,” ते म्हणाले.

“हो.”

“तुला कुठं जायचं होतं?”

“सिनेमाला.”

त्यांनी मान हलवली. कुणी भाजीचं नाव सांगितल्यावर हलवावी तशी.

“हे कुणी लिहिलंय ते मला भिंतीपाशीच कळलं,” ते म्हणाले. “तू सांगशील म्हणून थांबलो. मग तू म्हणालीस परत गेलं.”

“बाबा, तो झोपला नव्हता.”

“माहीत आहे. प्रूफ पाहणारा झोपला तर वाचणाऱ्याला हं ऐकू येत नाही. तू वाचत राहिली नसतीस.”

“कधीपासून माहीत आहे?”

“दारात उभा होतो तेव्हापासून.”

मी विचारलं, मग त्यालाच का. त्यांनी बोट उचललं, मेणकापडावर पुसलं.

“दोघांपैकी एकाला बोलणं भाग होतं, मी तेवढा चिडलो होतो. तुला बोललो असतो तर तू घर सोडलं असतंस. तुझा स्वभाव तसा. तो राहील असं वाटलं.” थोड्या वेळानं म्हणाले, “माणसं वाचायला मी कधी शिकलो नाही.”

मी उठून त्यांच्या डोळ्यांत थेंब घातले. वेळ झाली होती.

तेव्हा हे असं आहे. तिघांनाही माहीत होतं. एका घरात तिघं ते दडवून बसले आणि मग त्यांतला एक निघून गेला. मला कुणाचा जास्त राग आहे ते मी दोन दिवस ठरवते आहे. त्यांनी तुला खर्ची घातलं, मला ठेवून घ्यायला. मला विचारलं नाही. तुलाही नाही. आणि आता ते जेवणानंतर बोट ठेवून बसतात आणि म्हणतात, “पुढं?”

काल मी संपादकांकडं गेले. अहवाल त्यांच्यासमोर ठेवला आणि सांगितलं की लेखक माझा भाऊ आहे, पट्टी मी काढली होती, सगळं वाचलं आहे.

ते बराच वेळ चष्मा पुसत होते. “नियमानं हा अहवाल मी फाडायला हवा.”

“हो.”

“चौदा वर्षांत पहिल्यांदा तुम्ही दोन पानांचा लिहिलाय.”

“हो.”

“वाचून फाडतो.”

त्यांनी तो उभ्यानंच वाचला. उजवी बाजू लांब होती. ती संपल्यावर त्यांनी मला विचारलं, “भाऊ भेटतो का?” मी नाही म्हणाले. मग त्यांनी कागद फाडला, चार तुकडे, आणि हस्तलिखित उचलून वाचक क्रमांक एकच्या टेबलावर ठेवलं. नवी पट्टी लावून. “त्यांना घोडे आवडतात,” म्हणाले. मला यापुढं हस्तलिखितं द्यायची की नाही हे ते मालकांना विचारणार आहेत.

तेव्हा तुझी कादंबरी छापतील की नाही ते आता माझ्या हातात नाही. माझ्या हातात कादंबरीच नाही. बाबा दोनशे बाराव्या पानावर आहेत. नायक भगदाडातून बाहेर पडला आहे आणि पुढं त्याचं काय झालं ते त्यांना माहीत नाही. मी तोंडी सांगते म्हटलं, तर म्हणाले, “तोंडी प्रूफ तपासतात का?”

मूळ प्रत तुझ्याकडं आहे.

रविवारी तीन वाजता ते टेबलाशी बसतात. मी तुला माफ केलेलं नाही, त्यांनाही नाही, आणि तू मला करावंस असं मला वाटत नाही. त्यानं तू पुन्हा थोर होशील. ये म्हणते ते वाचायला. मूळ प्रत तू वाच, विरामचिन्हांसकट. समोर मी बसेन. शेवटच्या पानापर्यंत यायला तीन-चार रविवार लागतील, तू दोन लढाया काढल्या नाहीस तर पाच.

बाबांचा एक निरोप आहे. घोडा ठेव म्हणाले.

आणि वाचताना तीनशे एक्याण्णवावं पान आलं, की तुला वाटेल ते आज राहू दे, त्यांना कशाला. दोन पानं धरशील. मी हं म्हणणार नाही.

ताई